गोल कोपरे

आमच्या सुनेला घरात सगळे भागूबाई म्हणतात, आणि हे नाव मीच पाडलेलं आहे. भित्री भागूबाईतली भागूबाई. गॅसचं बटण बंद करून ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येते, परत जाते, परत बटण चाचपते. कुलूप लावलं की त्याला लोंबकळून बघते. अनोळखी नंबरवरून फोन आला की फोन टेबलावर वाजत राहतो आणि ही पाल दिसल्यासारखी त्याच्याकडे बघत उभी. मी उभं आयुष्य टेलिफोनच्या ऑफिसात काढलेली बाई. कानाला यंत्र लावून रोज अनोळखी माणसांशी हुज्जत घातलेली. हे बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची. माझा मुलगा म्हणायचा, आई, तिला बोलू नकोस, ती आधीच घाबरते. मी म्हणायची, अरे, मी नाही बोलले तरी ती घाबरतेच, मग बोलून तरी घेते.

स्टिकरचा उद्योगसुद्धा तिने भीतीपोटीच धरला. आधी ती एका ऑफिसात होती. तिथला साहेब आवाज चढवायचा, आणि ही घरी येऊन जेवायची नाही. मग नोकरी सोडली आणि घरी बसून करता येईल असं काम शोधलं, ज्यात कुणाचं तोंड बघावं लागणार नाही. लोक फोनवर चित्र पाठवणार, ही छापणार, पाकीट दारातून देणार. मुलांच्या दप्तरावरची नावं, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या, कुणाच्या गाडीच्या काचेला मांजर, कुणाच्या सायकलला वीज. आमच्या जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग तिने गिळला आणि आम्ही उरलेल्या अर्ध्यावर कोपर आवळून जेवायला शिकलो.

काम मात्र बघत राहावं असं करते. तो विनाइलचा कागद, म्हणजे म्हणायचा कागद, पण हाताला प्लास्टिकसारखा. पाठीला गोंद आणि त्यावर गुळगुळीत कागदाचं अस्तर. प्रिंटरमधून बाहेर आला की ती त्याला कडेला धरते, चिमट्यांनी खिडकीच्या दांडीला वाळत घालते, आणि शाई पुरती वाळेपर्यंत पंखासुद्धा लावू देत नाही. उन्हाळ्यात आम्ही घामाने निथळतो आणि खिडकीत मांजरं वाळतात. मग वरून पारदर्शक फिल्म. जुनं कार्ड फडक्यात गुंडाळून ती मधून कडेकडे दाबत जाते, एक बुडबुडा राहू देत नाही. प्रत्येक छपाईतला एक स्टिकर पेल्यात पाण्यात बुडवून ठेवायचा, शाई सुटते का बघायला. एकदा मी चष्म्याशिवाय तोच पेला तोंडाला लावला होता. तेव्हा ती जी किंचाळली, त्यानेच मला ठसका लागला.

शेवटचं काम कोपऱ्यांचं. टोकदार कोपरा कपड्याला, बोटाला अडकतो आणि तिथून स्टिकर उचकटायला लागतो. तिच्या कापायच्या मशीनला गोल कोपरे जमत नाहीत, शिवाय ते किंचित डावीकडे सरकतं, त्यामुळे तिच्या प्रत्येक स्टिकरला डाव्या हाताला पांढरी कड जरा जास्त सुटते. कड ती तशीच ठेवते, पण कोपरे नेलकटरने एकेक करून गोल करते. टीव्ही बघता बघता तिचं ते कुट्‌ कुट्‌ चालू असतं. मी म्हणायची, झाली का तुझ्या लेकरांची नखं काढून?

तर अशा ह्या बाईकडे एक दिवस बॅगवाले आले.

त्यांना आम्ही बॅगवाले म्हणतो, कारण खांद्याला कायम काळी चामडी बॅग. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. चपला बाहेर नीट जोडून ठेवायचे. मला आजी म्हणायचे आणि तिला ताई. बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्यावर उपकार करायलाच हा माणूस जिना चढून आलाय. त्यांचं म्हणणं होतं, गोदामात ओल आली, मालावरच्या तारखा पुसट झाल्या, नव्याने लावायच्या आहेत. लहान लहान पांढरे स्टिकर, वर मालाचा नंबर, खाली तारीख. पक्के पाहिजेत, पाण्याने जाणार नाहीत असे. भागूबाईने विचारलं, कसला माल? ते म्हणाले, डबे. ती गप्प बसली.

मी आतल्या खोलीतून ऐकत होते. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, कसले डबे? पण आमच्या बाईला एका माणसाला एकच प्रश्न विचारायचा धीर होतो. दुसरा विचारला तर तो चिडेल, असं तिला वाटतं. तिने स्टिकर करून दिले. मन लावून केले, नेहमीसारखे. ते दर काही दिवसांनी येऊन पाकीट न्यायचे आणि नवीन तारीख देऊन जायचे.

आता माझं सांगते. मला दमा आहे. जुना आहे, माझ्या मुलाहून जुना. छातीत शिट्टी वाजायला लागली की पंप तोंडात धरायचा, दाबायचा, श्वास आत ओढायचा, आणि थोड्या वेळात जगात परत यायचं. इतकी वर्षं हा पंप माझ्याशी इमानाने वागला. त्या दिवसांत मात्र त्याला काहीतरी झालं. दाबला की फुस्स व्हायचं, तोंडाला चव यायची, पण छातीतली गाठ सुटायची नाही. मी आणखी दाबायची. जिना चढले की पायरीवर बसून राहायची. डॉक्टर म्हणाले, आजी, श्वास नीट ओढत नसाल, वय झालं. मी त्यांना चार शब्द सुनावले असते, पण त्याला लागणारी हवा नव्हती.

खरं सांगते, मी घाबरले होते. कुणाला बोलले नाही. उशीला टेकून बसायची आणि मोजून श्वास घ्यायची, आणि वाटायचं, आता हे असंच राहणार, कमी कमी होत जाणार. भागूबाई माझ्याकडे बघायची आणि विचारायची, आई, बरं वाटतंय ना? मी खेकसायची.

एका दुपारी तिने माझ्या उशालगतचं कपाट पुसायला घेतलं. पंपाचा खोका उचलला, खालची धूळ पुसली, खोका परत ठेवला. आणि मग तिने तो पुन्हा उचलला. मला वाटलं, गॅसच्या बटणासारखंच. पण तिचा अंगठा खोक्याच्या एका कडेवर थांबला होता. तिथे तारखेचा लहान पांढरा स्टिकर होता. ती त्याच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होती. मग दुसऱ्या कोपऱ्यावरून. मग तिने तो खिडकीपाशी नेला. मी विचारलं, काय झालं गं? तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

तिने केस वाळवायचं यंत्र आणलं. गरम वारा दिला की गोंद मऊ होतो आणि स्टिकर न फाटता उठतो, हे मला तिच्याकडे बघून बघून माहीत झालंय. तिने वारा दिला, नखाने कड उचलली आणि हळूहळू मागे ओढत नेली. खाली कंपनीची छापलेली तारीख होती. पुसट वगैरे काही नव्हती. चांगली ठसठशीत होती, आणि ती कधीच उलटून गेलेली होती.

डाव्या हाताला पांढरी कड जरा जास्त होती. कोपरे गोल होते, आणि मशीनचे नव्हते, नेलकटरचे होते.

ती खाली फरशीवर बसली. मी पलंगावर. मला आधी राग यायला हवा होता, पण राग आलाच नाही. माझ्या डोळ्यांसमोर आला तो रात्रंदिवस दाबलेला पंप आणि त्यातलं ते मेलेलं औषध. ती म्हणाली, आई, मी किती पाकिटं दिली त्यांना. पुढे मोजायचं तिने टाळलं. मीही हिशोब केला नाही. पण शहरात कुठे कुठे, कुणाच्या उशाशी, लहान मुलांच्या दप्तरात, तिने मन लावून गोल केलेले कोपरे चिकटलेले असणार, हे दोघींनाही दिसत होतं. तिने तो स्टिकर परत जसाच्या तसा दाबून बसवला आणि खोका कपाटावर ठेवून दिला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. बहुतेक कुणी विचारलं तर काहीच झालं नाही असं दिसावं म्हणून.

संध्याकाळी मुलगा आला. त्याने सगळं ऐकलं, उठून दाराची कडी लावली, आणि मग आवाज खाली आणून बोलायला लागला. गप्प बसायचं. त्या माणसाला सांगायचं, मशीन बिघडलं. आईसाठी दुसऱ्या दुकानातून पंप आणायचा, खोका जाळून टाकायचा. तो म्हणाला, छापणारी तू आहेस, हातात बेड्या पडल्या तर तुझ्या पडतील, तो माणूस हात वर करून मोकळा होईल. खोटं नव्हतं त्यात काही. भागूबाई मान हलवत होती. मला वाटलं, झालं, आता ही आयुष्यभर कडी लावून बसणार. त्या रात्री नवा पंप आणायचं मात्र राहूनच गेलं. जवळचं दुकान बंद झालं होतं, आणि माझी छाती त्यातल्या त्यात बरी होती.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेला आणि थोड्याच वेळात बेल वाजली. बॅगवाले कधी न कळवता येत नसत. त्या दिवशी आले.

तिने दार उघडलं, कारण तिला दार न उघडण्याचीही भीती वाटते. ते नेहमीसारखे हसले, चपला जोडून ठेवल्या आणि नेमके माझ्या खोलीत येऊन, कपाटाशेजारच्या खुर्चीत बसले. आजींची तब्येत कशी आहे म्हणाले. बॅगेतून चिठ्ठी काढली. ह्या वेळी मोठं काम होतं, आधीच्या सगळ्या कामांपेक्षा मोठं. भागूबाई दाराला पाठ लावून उभी होती. मशीन बिघडलंय, एवढंच बोलायचं होतं. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही.

आणि मला दम लागला.

भीतीने लागतो, माहीत आहे मला. छाती आवळत गेली, शिट्टी वाजायला लागली, खोलीच्या कडा काळ्या व्हायला लागल्या. सवयीने माझा हात कपाटाकडे गेला. बॅगवाले चटकन उठले. थांबा आजी, मी देतो, म्हणाले, आणि खोका उचलला. माणुसकीनेच उचलला असेल. उघडायला म्हणून त्यांनी तो फिरवला आणि त्यांचा अंगठा स्टिकरवर आला.

तिथेच थांबला. आदल्या दिवशी तिचा थांबला होता तसाच.

मी त्यांच्याकडे बघत होते. माझा हात पुढे केलेला होता, आणि त्यांनी पंप दिला नाही. खोका उघडला नाही, हलवून बघितला नाही. ते तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "हा संपलेला दिसतोय, आजी. द्या, मी बदलून आणतो." आणि दुसऱ्या हाताने बॅगेची चेन उघडली.

भागूबाई दारापासून पुढे आली. तिने खोक्याचं दुसरं टोक धरलं. तिने विचारलं, "कसला माल आहे तुमचा?"

ते म्हणाले, ताई, आधी सोडा, आजींना त्रास होतोय.

"न उघडता तुम्हाला कसं कळलं संपलाय ते?"

दुसरा प्रश्न. तिने कुणाला विचारलेला मी ऐकलेला तो पहिलाच दुसरा प्रश्न. त्यांनी खोका ओढला. तिने सोडला नाही. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्याच्यामागे कुणी नव्हतं. त्या माणसाने तिला ढकललं असतं तर ती पडली असती आणि मी पलंगावरून नुसती बघत राहिले असते. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नाही, आणि त्या वेळी माझ्याजवळ तर ओरडायलाही हवा नव्हती.

ओरडली ती. जिच्या तोंडून घरातल्या घरातही मोठा आवाज कधी निघाला नाही, ती खिडकीकडे तोंड करून खालच्या मजल्यावरच्या नर्सला हाका मारायला लागली. एकदा नाही, थांबलीच नाही. दांडीवर वाळत घातलेले स्टिकर तिच्या धक्क्याने खाली पडले आणि ती त्यांच्यावर उभी राहून ओरडत राहिली. खोका हातातच होता. वरचे, समोरचे दरवाजे उघडल्याचे आवाज आले. बॅगवाल्यांनी खोका सोडला, चेन लावली आणि शांतपणे चपला घातल्या. दारातून तिला म्हणाले, "ताई, नीट विचार करा. स्टिकर तुमचे आहेत."

नर्स वाफेचं यंत्र घेऊन धावत आली. तिने माझ्या तोंडावर मुखवटा लावला, आणि यंत्र घरघरत राहिलं, आणि मी हळूहळू परत आले. डोळे उघडले तेव्हा भागूबाई पलंगाच्या पायथ्याशी खोका छातीशी धरून बसलेली होती. दातांवर दात वाजत होते तिचे.

मुलगा धावत घरी आला. आधी नवा पंप आणून दिला, मग पुन्हा तेच सुरू केलं. तो माणूस घर ओळखतो, आईची अवस्था बघ, आता तरी जाळून टाक. ती ऐकत होती आणि कापडी पिशवीत वस्तू भरत होती. खोका. उरलेल्या तारखांचे कागद. बॅगवाल्यांच्या चिठ्ठ्या. सगळ्यात शेवटी नेलकटर. मुलाने विचारलं, बॅगवाला म्हणाला तेच औषध खात्याचे लोकही म्हणतील, स्टिकर तुझे आहेत, तेव्हा काय सांगणार आहेस?

ती म्हणाली, "माझेच आहेत. तेच सांगायला चाललेय."

चप्पल घालताना तिला पट्टा लावता येईना, इतकी बोटं हलत होती. मुलाने खाली बसून तो लावून दिला आणि तिच्याबरोबर गेला. जाताना ती दारातून परत आली. मला वाटलं, धीर सुटला. पण ती गॅसचं बटण बघून गेली.

दिवस मावळेपर्यंत दोघं आली नाहीत. नर्स माझ्याजवळ बसून होती. जिन्यावर पाऊल वाजलं की मला वाटायचं, काळी बॅग. पाऊल वर निघून गेलं की वाटायचं, तिला बसवून ठेवलं तिकडे. कुणाला कुणाची भीती वाटावी, हेच मला कळेनासं झालं होतं. मी तिला इतकी वर्षं हसले, आणि ती रोज ज्यात राहते त्यात मी एक दिवस राहिले, तर माझे हातपाय गार पडले.

ती आली. औषध खात्याच्या साहेबांनी सगळं लिहून घेतलं होतं. तिच्या स्टिकरची पुन्हा पुन्हा तपासणी केली, तिला पुन्हा पुन्हा तेच विचारलं, एक जण तर तिच्यावर चांगलाच खेकसला. ती रडली आणि उत्तरं देत राहिली. पुढच्या दिवसांत त्यांची माणसं येऊन प्रिंटर आणि कापायचं मशीन घेऊन गेली. तिच्यावर काय आरोप ठेवायचा हे अजून ठरलेलं नाही. बोलावतील तेव्हा जावं लागतं. दुकानांतून ते पंप काढून घेतले म्हणतात, सगळे मिळाले की नाही ते कुणी छातीठोक सांगत नाही. बॅगवाल्यांचा फोन बंद आहे. गोदामाला कुलूप होतं, आत रिकामी खोकी. ते स्वतः सापडलेले नाहीत.

आमचं टेबल आता पूर्ण मोकळं आहे, आणि तरी आम्ही सगळे एकाच कडेला बसून जेवतो. बेल वाजली की तिघांचे घास हातात राहतात. ती आधी दाराच्या भिंगातून बघते, मग मी बघते, मग मुलगा उघडतो. भागूबाई म्हणायचं मी सोडून दिलंय. जीभ वळत नाही.

माझ्यासाठी नवा पंप आणला की तो आधी तिच्या हातात जातो. ती खिडकीपाशी उभी राहते, खोक्याच्या प्रत्येक कडेवरून अंगठा फिरवते, मग आतल्या डबीवरून, मग तारीख वाचते, मग पुन्हा वाचते. वेळ लागतो. कधी कधी माझी छाती वाजत असते आणि तिचं संपत नाही. पूर्वी मी अशा वेळी काय काय बोलले असते. आता हात पुढे करून बसून राहते, आणि तिने "घ्या, आई" म्हटल्याशिवाय पंप तोंडाला लावत नाही.